रडारचा छेद आणि हिमाचे वहन : एका वाचनपद्धतीची चिकित्सा

मानकोलीवरून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्याने कसाऱ्यापर्यंत गेलेल्या प्रवाशाने सह्याद्रीच्या कड्यांतील बसाल्टाचे आडवे थर पाहिलेले असतातच. अंटार्क्टिकातील हिमस्तराचे रडारचित्र प्रथमच हाती आलेल्या आपल्या विद्यार्थ्यास नेमके हेच थर आठवतात. आणि अध्यापकही बहुधा हीच उपमा देऊन मोकळे होतात. उपमा सोयीची आहे. परंतु ती दोन ठिकाणी दिशाभूल करते, आणि त्यांपैकी दुसरे ठिकाण हेच संशोधनाचे मर्म होय.

पहिली गोष्ट अशी की, कडा हा प्रत्यक्ष खडक असतो. रडारचित्र हा प्रत्यक्ष छेद नव्हे. ती प्रतिध्वनींच्या वेळेची नोंद आहे. बर्फात रेडिओलहरींचा वेग मायक्रोसेकंदास सुमारे १६८ मीटर असतो. म्हणून १० मायक्रोसेकंदांनी परतलेला प्रतिध्वनी सुमारे ८४० मीटर खोलीचा ठरतो. मात्र वरच्या भुसभुशीत, हवेने भरलेल्या जुन्या हिमात हा वेग अधिक असतो आणि त्यापोटी जाडीत सुमारे १० मीटरांची दुरुस्ती करावी लागते. तीन-चार हजार मीटर जाडीच्या हिमावर ती नगण्य. काही शतक मीटर जाडीच्या किनारी उंचवट्यावर ती तशी मुळीच नाही. शिवाय चित्रातील उभे प्रमाण आडव्या प्रमाणाच्या कित्येक पट ताणलेले असते. ज्या कमानी पाहून आपण थक्क होतो, त्या खऱ्या प्रमाणात काढल्यास डोळ्यांस जवळजवळ जाणवणारही नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बसाल्टाचा थर जेथे थिजला तेथेच राहिला. हिमातील परावर्तक रेषा या बहुतांशी एकाच काळी पडलेल्या हिमाच्या, पुष्कळदा ज्वालामुखीच्या आम्लामुळे विद्युत् संवाहकता बदललेल्या, रेषा असतात. त्या पडल्या क्षणापासून खाली दबत व बाजूस ताणल्या जात असतात. म्हणजे त्यांचा आकार हा हिमवर्षाव आणि वहन या दोहोंचा संयुक्त परिणाम असतो. यांतील कोणता अंश कोणाचा, हे चित्र स्वतः होऊन सांगत नाही.

याचे आपल्या निकटचे उदाहरण गोव्याचे आहे. वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राने नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेबरोबर २०१६ पासून ‘मॅडाइस’ या संयुक्त प्रकल्पात मैत्री स्थानकाच्या उत्तरेकडील निव्लिसेन या तरत्या हिमपटाचा व त्याच्या दोन बाजूंच्या जुप्रानेन आणि लेनिनग्राडकोलेन या हिमाच्या उंचवट्यांचा रडारने अभ्यास केला. हे उंचवटे समुद्रतळावर टेकलेले असतात. त्यांच्या माथ्यावरून हिम दोन बाजूंस वाहते, आणि तेथे जुना इतिहास टिकण्याचा संभव मोठा असतो. प्रस्तुत लेखकास या निवडीत मोठी सूक्ष्म दृष्टी दिसते.

माथ्याखाली रेषा कमानीसारख्या वर का उचललेल्या दिसतात, याचा उलगडा चार्ल्स रेमंड यांनी १९८३ मध्ये केला. ताण कमी असला की बर्फ अधिक ताठर वागतो, हे ग्लेन यांच्या १९५५ च्या नियमावरून निघते. माथ्याच्या नेमक्या खाली ताण अत्यल्प. म्हणून तेथील बर्फ शेजारच्या बर्फापेक्षा मंदगतीने खाली बसतो आणि समवयस्क रेषा वर राहतात. जाडी ५०० मीटर व वार्षिक संचय अर्धा मीटर असेल तर हजार वर्षे हा त्याचा स्वाभाविक कालखंड ठरतो. तेव्हा पूर्ण वाढलेली कमान म्हणजे माथा हजारो वर्षे जागचा हलला नाही, याची साक्ष.

येथवर सर्व सुंदर आहे. तथापि वारा माथ्यावरील हिम झाडून नेतो, आणि तेथे संचय कमी झाला तरीही कमानच दिसते! या दोहोंत भेद करण्याची कसोटी आहे : संचयजन्य कमान पृष्ठभागापासूनच खोलीच्या प्रमाणात वाढते; रेमंडची कमान वरच्या भागात खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्हॉन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये फ्लेचर भूशिरावर हाच निकष लावला. तो न लावता ‘कमान आहे, म्हणून स्थैर्य आहे’ असे लिहिणे म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी न करताच निकाल देणे होय. याउलट ‘कमान नाही, म्हणून माथा अलीकडे सरकला’ हेही तितकेच कच्चे अनुमान. कारण माथ्याच्या रेषेवरून होणारे वहन किंवा तळाशी होणारी घसरण हीदेखील कमान दडपू शकतात.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या ‘निसार’ उपग्रहाने ही अडचण संपली, असा समज ऐकू येतो. तो चुकीचा आहे. निसार पृष्ठभागाचे सरकणे दर १२ दिवसांनी मोजू शकतो. हिमाच्या तळापर्यंतची रचना तो पाहू शकत नाही. आतील वहन थेट मोजावयाचे तर त्याच जागी तेच कला-संवेदी रडार पुन्हा नेऊन, रेषांचे मिलिमीटरांतील सरकणे टिपावे लागते. ही मोजणी कष्टाची आहे, आणि कमानीच्या चित्राइतकी देखणी तर मुळीच नाही.

उल्हास नदीच्या खाडीत, डोंबिवली व मानकोली यांच्यामध्ये, भरतीचे पाणी येते. समुद्राच्या पुढील शतकातील पातळीचे जे आकडे अशा खाडीकाठांसाठी मांडले जातात, त्यांतील अंटार्क्टिकाचा वाटा हिमाच्या जाडीच्या व वहनाच्या याच वाचनावर उभा असतो. म्हणून आपल्या वर्गांत रडारचित्र देताना खोलीची मोजपट्टी कोणत्या वेगाने काढली, उभा ताण किती पट आहे आणि माथ्यावरील संचय स्वतंत्रपणे मोजला होता की नाही, हे तीन तपशील चित्राखाली छापले जावेत.