सिंदखेड राजा : मधली ३८२ वर्षं कुठे गेली?

सिंदखेड राजाबद्दलची कुठलीही माहिती काढून बघा, तिचे बहुतेक वेळा दोनच तुकडे असतात. पहिला 'इतिहास' : १२ जानेवारी १५९८ला जिजाऊंचा जन्म, लखुजीराव जाधवांचा राजवाडा, १६२९मध्ये दौलताबादला लखुजींची हत्या. दुसरा 'लोकसंख्या' : २०११च्या जनगणनेनुसार नगरपालिकेच्या हद्दीत साधारण १६ हजार. झालं!

मग मधली ३८२ वर्षं कुठे गेली?

संशोधनाच्या निमित्ताने अशा नोंदी मी सतत वाचते. त्यातली माहिती चुकीची असते असं नाही. माझा आक्षेप मांडणीवर आहे. इतिहास राजघराण्याचा आणि आकडा आजचा, त्यामुळे गावात राहणाऱ्या माणसांना इतिहासच उरत नाही. ती थेट २०११मध्ये उगवल्यासारखी वाटतात.

खरं तर १६२९नंतरही इथे बरंच काही घडलं. डिसेंबर १७५७मध्ये पेशव्यांच्या फौजेने रामचंद्र जाधवांना सिंदखेडमध्येच कोंडलं. त्यांना सोडवायला निजाम अली आला आणि इथे लढाई झाली. लढाई म्हटली की आपण कोण जिंकलं तेवढं विचारतो. पण दोन मोठ्या फौजांच्या दाणा-वैरणीचा भार कोणावर पडला असेल? आसपासच्या शेतकऱ्यांवरच. पुढे १८०३च्या दुष्काळानंतर, १८०४च्या जानेवारीत, जनरल वेलस्लीने आपल्या पत्रात सिंदखेडला चोरांचा अड्डा म्हटलं आणि इथली माणसं शेकड्यांनी उपाशी मरतायत, त्यांना मदत करणारं सरकारच नाही, असंही लिहिलं.

आता जरा सावध होऊ या. वेलस्ली त्याच मोहिमेतला विजयी सेनापती होता. असई आणि अडगावच्या लढाया होऊन जेमतेम काही महिने झाले होते. चोर कोण होते, त्यांच्यावर ही वेळ कोणी आणली, हे तो सांगत नाही. इंग्रजी गॅझेटियरांना मात्र असे उल्लेख फार सोयीचे होते, कारण 'आमच्या आधी सगळी दैना होती' हे त्यातून आपोआप सिद्ध व्हायचं.

पण त्यांचेच आकडे बघा. १८९१मध्ये बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,८१,०२१ होती. १९०१मध्ये ती ४,२३,६१६वर आली. म्हणजे दहा वर्षांत ५७ हजारांहून जास्त माणसं कमी झाली, जवळपास १२ टक्के! मध्ये १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले होते आणि या वेळी सरकार चांगलं भक्कम होतं. हा आकडा जिल्ह्याचा आहे, एकट्या सिंदखेडचा नाही. पण सिंदखेड याच जिल्ह्यात होतं, हे विसरून चालणार नाही.

इथे आणखी एक खड्डा आहे, त्यात पडू नका. १९०५मध्ये खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले. नव्या हद्दीप्रमाणे मोजली तर १९०१चीच लोकसंख्या ६,१३,७५६ होते. त्यामुळे ४.२३ लाखांशेजारी २०११चे २५,८६,२५८ ठेवून 'सहापट वाढ' असं कोणी लिहिलं, तर ते सपशेल चूक आहे. खरी वाढ सव्वाचार पटींच्या आसपास भरते. आकडा वाचण्याआधी हद्द वाचायची, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ चुका टळतात.

आणि जिथे आकडेच नाहीत, तिथे? तिथे मोती तलाव, चांदणी तलाव आणि बारवा बघा. आपण त्यांच्याकडे जाधवांचं वैभव म्हणून बघतो. पण एवढं पाणी साठवायचं म्हणजे ते वापरणारी वस्ती हवी, ढोरं हवीत, शेतं हवीत. बांधकामावरून लोकसंख्या नेमकी सांगता येत नाही, पण इथे पुष्कळ लोक राहत होते आणि त्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न तर विचारता येतो. १६२९वर थांबणारी नोंद तोही विचारत नाही.

आता २०२७ची जनगणना येतेय. सिंदखेडच्या नोंदीत एक नवा आकडा येईल आणि जुना खोडला जाईल. माझं म्हणणं एवढंच, की जुना खोडू नका. त्याच्याच शेजारी नवा लिहा, वर्ष लिहा, हद्द लिहा. जिजाऊंच्या गावाचा इतिहास तिथे राहिलेल्या माणसांचाही आहे. त्यांच्यासाठी नोंदीत एक ओळ तरी हवीच ना?