वाडा एक, पर्वं तीन

अण्णा नाईक पहिल्याच भागात गेले आणि त्यांच्या नावावर तीन पर्वं चालली. झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016 ला ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली, 2019 मध्ये दुसरं पर्व आलं, 2021 मध्ये तिसरं. एका यशस्वी कथेला फांद्या फुटत जाणं मराठी भयमालिकांत इतकं ठळकपणे क्वचितच घडलं असेल. प्रश्न एवढाच, की फांद्या वाढल्या तसं झाड मोठं झालं का?

अमेरिकेतल्या ‘द वॉकिंग डेड’शी तुलना करून बघू. 2010 ते 2022 या काळात मूळ मालिकेची अकरा पर्वं आणि 177 भाग झाले. प्रेतं उठून चालू लागलेल्या त्या जगाचा धाक हळूहळू ओसरला. ऑक्टोबर 2014 मध्ये पाचव्या पर्वाचा पहिला भाग सुमारे 1 कोटी 73 लाख लोकांनी पाहिला होता. अखेरच्या भागाला प्रक्षेपणाच्या रात्री त्यातले 23 लाखही उरले नव्हते. प्रेक्षक ओटीटीकडे वळला हे खरं, पण रटाळपणाही नडला. उपमालिकांनी निदान जागा बदलल्या. एक लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली, एक मॅनहॅटनमध्ये घडली, एक थेट फ्रान्सला गेली. जागा बदलली की तिथली माणसं आणि त्यांची भीतीही बदलते.

आपल्याकडे काळ मागेपुढे झाला, नाईकांचा वाडा तोच राहिला. सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या त्या वाड्यात पहिल्या पर्वात खरं भूत जमिनीच्या वाटणीचं होतं. बाप गेल्यावर जमलेली भावंडं, मुंबईहून आलेली विज्ञाननिष्ठ सून नीलिमा, ‘इसारलंय’ म्हणत नको तिथे उगवणारा पांडू. करणी भुताची की घरातल्याच कुणाची, हा संशय मालिकेला पुरून उरला. कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते, असे आक्षेपही तेव्हाच आले. दुसरं पर्व मागे गेलं आणि जिवंत अण्णा दिसले. अण्णा झालेल्या माधव अभ्यंकरांची ती रोखलेली नजर आणि अपूर्वा नेमळेकरने साकारलेली अण्णांची प्रेयसी शेवंता यांनी भयकथेला वासना आणि सत्तेची गोष्ट करून टाकलं. बाई आणि जमीन दोन्ही आपल्याच मालकीची समजणारा गावपुढारी कुठल्याही भुतापेक्षा भयंकर असतो, हे त्या पर्वाने दाखवलं. तिन्ही पर्वांत तेच सरस. तिसऱ्यात अण्णा-शेवंता सरळ भुतं झाली, संशय संपला, शेवंताची अभिनेत्रीही मध्येच बदलली. भूत एकदा उजेडात आलं की त्याचा धाक किती दिवस टिकणार?

ऑगस्ट 2020 मध्ये दुसरं पर्व संपताच त्याच वाहिनीवर ‘देवमाणूस’ ही मालिका आली. तिचंही दुसरं पर्व निघालं आणि 2025 मध्ये ‘मधला अध्याय’. पुढचं संपलं की मागचं, मागचं संपलं की मधलं! टीआरपी मिळवून दिलेलं नाव वाहिनी सहजी सोडत नाही.

वेगळी वाट सिनेमाने दाखवली. आदित्य सरपोतदारच्या ‘झोंबिवली’ने 2022 मध्ये झोंबी डोंबिवलीत आणले आणि पाण्याचं राजकारण, टॉवर विरुद्ध वस्ती हा झगडा त्यांच्या मागे उभा केला. विनोदाच्या भरात धार बोथट झाली, पण शहर खरं वाटलं.

मालिकांना हे का जमू नये? मीरारोड, काशिमीरा, घोडबंदर या पट्ट्यात मालिकांचे सेट उभे राहतात. त्या सेटवर बंगले असतात, देवघरं असतात, बाहेरचं मीरा-भाईंदर मात्र कधी दिसत नाही. इथे मिठागरं आहेत, खाडी आहे, उत्तनचे कोळीवाडे आणि तिथल्याच डोंगरावरचा कचऱ्याचा ढीग आहे, घोडबंदरचा किल्ला आहे. टॉवरच्या गेटवर टँकरची वाट बघणारी माणसं आहेत. ज्या कोकणी घरांनी नाईकांचा वाडा पाहिला, त्यातली कितीतरी इथल्याच वन बीएचकेंमध्ये राहतात. गावच्या जमिनीचा वाद त्यांनी फोनवर इथवर आणलाय; त्यात बिल्डर, सोसायटी आणि रिडेव्हलपमेंटची भर पडली आहे. भयकथेला याहून कसदार जमीन कुठे मिळणार?

बाहेर शूटिंग करायचं तर परवानग्या, गर्दी आणि खर्च आला, हे मान्य. पण रोजचा भाग रोज देण्याच्या घाईत लेखकाला नवी जागा हिंडून बघायला वेळच मिळत नसेल, तर दोष बजेटचा नाही, कामाच्या पद्धतीचा आहे. ‘रात्रीस खेळ चाले’चं चौथं पर्व काढायचंच असेल, तर वाहिनीने अण्णांना आकेरीतच राहू द्यावं आणि लेखकाला चार महिने आधी भाईंदरला पाठवावं.