पित्याची कबर

किरगिझ सोव्हिएत समाजवादी प्रजासत्ताकाचा सरकारी इतिहास सांगायला चार ओळी पुरतात. १९२४ साली स्वायत्त प्रांत, १९२६ साली रशियन संघराज्यातले स्वायत्त प्रजासत्ताक, १९३६ च्या घटनेने सोव्हिएत संघाचे पूर्ण घटकराज्य. मेंढपाळांच्या मुलांना शाळा मिळाल्या. लिपी मात्र पंधरा-वीस वर्षांत दोनदा बदलली, अरबीची रोमन आणि रोमनची सिरिलिक, आणि आजोबांची अक्षरे नातवाला परकी झाली. या चार ओळींच्या आत काय घडले ते समजून घ्यायचे तर चिंगीज ऐतमातोवकडेच जावे लागते.

त्याच्याविषयी दोन मते ऐकू येतात. कोणी त्याला राजवटीचा भाट म्हणतो, कोणी छुपा बंडखोर. मला दोन्ही मते आळशी वाटतात. १९६२ ची ‘पहिला शिक्षक’ ही कथा पाहा. स्वतःच अर्धशिक्षित असलेला दुइशेन तबेल्यात शाळा काढतो आणि अल्तिनाय या पोरक्या मुलीला विद्येची वाट दाखवतो. ही भाटगिरी खास नव्हे, कारण गावात नव्या शाळेचा समारंभ होतो तेव्हा अल्तिनाय पाहुणी म्हणून पंक्तीला असते आणि म्हातारा दुइशेन बाहेर टपाल वाटत हिंडत असतो. पण त्याच्या श्रद्धेची लेखक टिंगलही करीत नाही. प्रजासत्ताकाने जे दिले ते खरेच दिले, हे त्याला ठाऊक आहे.

आणि काय नेले, हेही. वडील तोरेकुल ऐतमातोव हे पक्षाचे वरिष्ठ पदाधिकारी; हे राज्य उभारणाऱ्यांपैकीच एक. १९३७ साली त्यांना अटक झाली, तेव्हा चिंगीज जेमतेम नऊ वर्षांचा होता. १९३८ साली त्यांना गोळी घातली गेली. १९६३ च्या ‘मातेचे शेत’ या कथेच्या अर्पणपत्रिकेत मुलगा वडिलांना उद्देशून म्हणतो की, तुमची कबर कुठे आहे हे मला माहीत नाही. सोव्हिएत छापखान्यातून, उघडपणे! त्या अर्पणपत्रिकेपुढे कथाही मला फिकी वाटते.

१९८० च्या ‘शतकाहून दीर्घ दिवस’ या कादंबरीत हेच दुःख शेजारच्या कझाक माळरानावर जाते. परग्रहवासीयांचे उपकथानक मला ठिगळासारखे वाटते. ते वगळले तरी फारसे बिघडत नाही. पण उंटाचे कातडे डोक्यावर आवळून स्मृती मारलेला, आईवरच बाण सोडणारा ‘मानकुर्त’ विसरता येत नाही. मित्राचे प्रेत घेऊन निघालेल्या येदिगेईला आना-बेयित, म्हणजे मातेच्या विश्रामाचे स्थान, ही दफनभूमी अंतराळतळाच्या कुंपणाआड गेलेली दिसते. पहाऱ्यावरचा अधिकारी कझाकच. तरी तो म्हणतो, रशियनमध्ये बोला. इथे लेखकाने एकही शिवी दिलेली नाही.

१९९१ साली राजधानीजवळच्या चोन-ताश येथे विटांच्या जुन्या भट्टीत शंभराहून अधिक सांगाडे सापडले. त्यांत तोरेकुल यांचे आरोपपत्र होते, गोळीने भोक पडलेले. त्याच वर्षी ऑगस्टात प्रजासत्ताक स्वतंत्र झाले. त्या जागेचे नाव आता आता-बेयित, पित्यांच्या विश्रामाचे स्थान. २००८ साली ऐतमातोवलाही तिथेच, वडिलांशेजारी, पुरले.