वजन कशाचे? : एनडीपीएस कायद्यातील 'मात्रा' या निकषाची चिकित्सा

'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५' (एनडीपीएस) मूळ स्वरूपात सरसकट कठोर होता. स्वतःच्या सेवनासाठी बाळगलेल्या अल्प मात्रेचा अपवाद वगळता बहुतेक प्रमुख गुन्ह्यांना किमान १० वर्षांचा कारावास होता. मोठ्या व्यापाऱ्यास जरब बसावी व व्यसनाधीनास सौम्य शिक्षा व्हावी, या हेतूने २००१ च्या दुरुस्तीने अल्प मात्रा, व्यापारी मात्रा व या दोहोंमधील मात्रा अशी त्रिस्तरीय रचना आणली. हेरॉइनसाठी या सीमा ५ ग्रॅम व २५० ग्रॅम, तर गांजासाठी १ किलो व २० किलो आहेत. आज अल्प मात्रेस कमाल १ वर्ष, मधल्या मात्रेस कमाल १० वर्षे आणि व्यापारी मात्रेस १० ते २० वर्षे कारावासाची तरतूद आहे.

परंतु वजन करावयाचे ते कशाचे? बाजारात विकला जाणारा गर्द क्वचितच शुद्ध असतो. ई. मायकेल राज खटल्यात (२००८) जप्त केलेली भुकटी ४ किलोंहून अधिक होती; तीत हेरॉइनचे प्रमाण जेमतेम दीड टक्का, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम होते. सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध द्रव्याचेच वजन ग्राह्य धरून १० वर्षांची शिक्षा ६ वर्षांवर आणली. पुढे केंद्र सरकारने २००९ च्या अधिसूचनेद्वारे संपूर्ण मिश्रणाचे वजन धरण्याचे ठरविले, आणि हिरा सिंग खटल्यात (२०२०) त्रिसदस्यीय पीठाने मायकेल राज निर्णय अमान्य करून तीच भूमिका उचलून धरली. द्रव्य मिश्रणाच्याच रूपात विकले जाते व भेसळीने ते अधिक घातक होऊ शकते, हा पीठाचा युक्तिवाद निश्चितच दखलपात्र आहे.

तथापि या भूमिकेचा परिणाम तपासला पाहिजे. दीड टक्का हेरॉइन असलेली २६० ग्रॅम भुकटी घेतल्यास तीत शुद्ध द्रव्य ४ ग्रॅमपेक्षाही कमी भरते. तरीही ती 'व्यापारी' ठरून किमान १० वर्षे अटळ होतात. उलट २४० ग्रॅम शुद्ध हेरॉइन बाळगणाऱ्यास कोणतीही किमान शिक्षा नाही. शिवाय व्यापारी मात्रेत कलम ३७ अन्वये जामीन दुरापास्त होतो, आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास कलम ६४-अ ने दिलेले संरक्षणही अल्प मात्रेपुढे लागू होत नाही. निकृष्ट माल विकत घेणाऱ्या गरीब व्यसनाधीनाला व किरकोळ वाहकाला या नियमाची झळ अधिक पोहोचणार, हे उघड आहे. ज्यांना सौम्य वागणूक देण्यासाठी वर्गीकरण आले, तेच त्याच्या कक्षेबाहेर फेकले जातात.

वजन हा सोयीचा निकष आहे. तो दोषाचे एकमेव माप होऊ शकत नाही. कलम ३२-ब किमान शिक्षेहून अधिक शिक्षा देताना विचारात घ्यावयाचे घटक सांगते. किमान शिक्षेखाली येण्याची मुभा मात्र देत नाही. द्रव्याची शुद्धता व आरोपीची भूमिका पाहून, कारणे नमूद करून किमान शिक्षा कमी करण्याचा अधिकार संसदेने न्यायाधीशास द्यावा. तसे झाल्यासच २००१ च्या दुरुस्तीचा हेतू सार्थ ठरेल.