‘गुलामगिरी’ कुठल्या वर्गात शिकवायची?

दिल्ली विद्यापीठाचा नॉर्थ कॅम्पस, जेएनयू, जामिया, काश्मिरी गेटचं आंबेडकर विद्यापीठ आणि पलीकडे सोनिपतची अशोका. या पट्ट्यात इंग्रजी साहित्य शिकून परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या अर्जांत ‘वसाहतोत्तर साहित्य आणि संस्कृती’ हा विषय हमखास भेटतो. लंडनचं सोआस, लीड्स, वॉरिक. अमेरिकेत कोलंबिया, शिकागो. अर्जात सईद, स्पिवाक आणि भाभा यांची नावं असतात आणि ज्या साहित्याचा अभ्यास करायचा ते बहुतेक वेळा मुळात इंग्रजीतच लिहिलेलं असतं. घरी मराठी, मैथिली, पंजाबी बोलणारी मुलंही आपल्या भाषेतलं पुस्तक या यादीत घालत नाहीत. हा विषय आज जिथे अडला आहे ती जागा मला इथेच दिसते.

विषयाची वंशावळ तशी छोटी आहे. १९६४ साली लीड्सला ‘राष्ट्रकुल साहित्या’ची परिषद भरली आणि जुन्या साम्राज्यातल्या लेखकांना विद्यापीठीय खातं मिळालं. १९७८ साली एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ने त्या सौम्य खात्याला धार आणली. १९८८ साली स्पिवाक यांचा वंचितांच्या आवाजाविषयीचा निबंध आला, १९८९ साली तिघा ऑस्ट्रेलियन अभ्यासकांचं ‘द एम्पायर राइट्स बॅक’, १९९४ साली होमी भाभांचं ‘द लोकेशन ऑफ कल्चर’. स्पिवाक कोलकात्याच्या प्रेसिडेन्सीतून गेल्या, भाभा मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून. म्हणजे परदेशात जाऊन जे शिकायचं, त्यातलं बरंचसं इथून गेलेल्यांनीच घडवलं आहे.

या सिद्धान्तावरची सगळ्यांत कसदार टीका मात्र दिल्लीत झाली, आणि नव्वदीच्या एकाच दशकात झाली. स्वाती जोशी यांनी संपादित केलेलं ‘रीथिंकिंग इंग्लिश’ १९९१चं, राजेश्वरी सुंदर राजन यांचं ‘द लाय ऑफ द लँड’ १९९२चं. भारतात आपण इंग्रजी साहित्य का आणि कोणासाठी शिकवतो, हा प्रश्न या पुस्तकांनी वर्गात उभं राहून विचारला. १९९२ सालीच एजाज अहमद यांचं ‘इन थिअरी’ आलं. तिसऱ्या जगातलं सगळं साहित्य म्हणजे राष्ट्राचं रूपक, असं फ्रेडरिक जेमसन यांनी लिहिलं होतं. अहमद यांनी त्यांना उर्दूच्या बाजूने उत्तर दिलं: जे इंग्रजीत उपलब्ध आहे तेवढ्यावरून तुम्ही सगळ्यांविषयी बोलत आहात. पुढे १९९६ साली हरीश त्रिवेदी आणि मीनाक्षी मुखर्जी यांनी ‘इंटरॉगेटिंग पोस्ट-कलोनियलिझम’ काढलं. ही परंपरा ज्यांच्या दाराशी आहे त्या विद्यार्थ्यांनी परदेशाची तयारी तिच्यापासून करायला हवी.

अहमद यांचा आक्षेप मराठीला लावून पाहिला की तो आणखी टोकदार होतो. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ घ्या. १८७३ साली पुण्यात एक शूद्र लेखक मराठीत पुस्तक लिहितो, त्याला इंग्रजी प्रस्तावना जोडतो आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण करतो. अमेरिकेत गुलामी घटनादुरुस्तीने संपली १८६५ साली. म्हणजे अवघ्या आठ वर्षांत फुले त्या घटनेला आपल्या गावकुसाशी जोडतात. आतला मजकूर धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाचा आहे. दशावतारांची कथा एकेक अवतार घेऊन उलगडली जाते आणि तिच्यातून आक्रमणाचा इतिहास बाहेर येतो. बळीराजा इथला, वामन बाहेरून आलेला. म्हणजे वसाहतीचा विचार फुल्यांकडे आहेच. फक्त त्यांची वसाहत प्लासीच्या लढाईने सुरू होत नाही; ती हजारो वर्षं जुनी आहे आणि वसाहतवाले शेजारच्या आळीत राहतात.

मग इंग्रजांचं काय? फुल्यांना त्यांचं राज्य ही शूद्रातिशूद्रांना श्वास घेण्याची संधी वाटते. पण शेतकऱ्याकडून सारा घ्यायचा आणि तो पैसा वरच्या जातींच्या शिक्षणावर उधळायचा, याबद्दल ते त्याच सरकारला प्रस्तावनेत धारेवर धरतात. १८८२ साली हंटर आयोगापुढच्या निवेदनातही हेच सांगतात. राज्यकर्ता आणि रयत अशी दोनच पात्रं घेऊन चाललेल्या सिद्धान्तात हा तिसरा माणूस कुठे बसवायचा? गौरी विश्वनाथन यांचं ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) हे इंग्रजी साहित्याच्या शिक्षणाचा राजकीय इतिहास सांगणारं अव्वल पुस्तक आहे. पण भारतीयांनी त्या शिक्षणाचं काय केलं हा भाग आपण बाजूला ठेवला आहे, हे त्या स्वतःच स्पष्ट करतात. फुले, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई सगळे त्या बाजूला ठेवलेल्या भागात आहेत. रमाबाईंनी तर १८८९ साली अमेरिकेच्या समाजाचं वर्णन मराठी वाचकांसाठी लिहिलं; एका हिंदुस्थानी बाईने पश्चिमेचं केलेलं निरीक्षण, तेही मराठीत. असं पुस्तक वसाहतोत्तर अभ्यासाच्या पहिल्या सत्रात असायला हवं.

दुसरं उदाहरण कालगणनेचं आहे. ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८चं, दया पवारांचं ‘बलुतं’ही १९७८चं. पहिलं जगभरच्या वर्गांत गेलं. दुसरं जेरी पिंटो यांच्या अनुवादातून इंग्रजीत यायला २०१५ साल उजाडलं. मधल्या सदतीस वर्षांत सिद्धान्ताच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत दलित आत्मकथनाचा हा पायाचा दगड नव्हता. अर्जुन डांगळे यांचं ‘पॉयझन्ड ब्रेड’ १९९२ साली आलं हे खरं, पण एका संकलनावर किती भार टाकणार?

परदेशात चांगलं काम होत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. रोझलिंड ओ’हॅन्लन यांनी फुल्यांवर १९८५ साली पुस्तक लिहिलं आणि ताराबाईंची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १९९४ साली इंग्रजीत आणली. रटगर्स विद्यापीठातल्या अंजली नेर्लेकर यांचं ‘बॉम्बे मॉडर्न’ (२०१६) अरुण कोलटकरांना मराठी आणि इंग्रजी या दोन्ही अंगांनी वाचतं. लघुअनियतकालिकं, छोटे प्रकाशक, हाती काढलेले अंक, कवींची आपसातली देवाणघेवाण हे सगळं पुरावा म्हणून मांडतं. इंग्रजी ‘जेजुरी’पुरते कोलटकर वाचणाऱ्याला हा कवी अर्धाच कळतो, हे त्यातून पानोपानी सिद्ध होतं. वीणा नरेगल यांनी पश्चिम भारतातल्या भाषाकारणावर २००१ साली लिहिलेलं पुस्तकही याच जातीचं. त्या दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथमध्ये होत्या. या सगळ्यांमध्ये समान गोष्ट एकच: मूळ मराठी मजकूर डोळ्यांखालून गेलेला आहे.

आपल्याकडचं प्रत्युत्तर म्हणजे भालचंद्र नेमाडे यांचा देशीवाद. सोआसमध्ये शिकवून आलेल्या माणसाने तो मांडला, त्यामुळे त्यामागे अनुभवाचं बळ आहे. गणेश देवींच्या ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ने (१९९२) त्याला इतिहासाची जोड दिली. परक्या मोजपट्ट्यांची दहशत देशीवादाने घालवली, हे त्याचं श्रेय. पण घरातल्या उतरंडीचा प्रश्न त्याने फुल्यांइतक्या निष्ठुरपणे विचारला नाही, आणि म्हणून तो पुढे अनेकांना आरामाची जागा झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पैशाकडे वळू, कारण कोणता विषय कोणी शिकायचा हे शेवटी तिथे ठरतं. अनुसूचित जातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची. २०२२ साली तिच्या नियमांत एक कलम आलं: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास यांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे नांदेडच्या एखाद्या मुलीला सोआसमध्ये दलित आत्मकथनं अभ्यासायची असतील तर ही वाट बंद. ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांना हा विषय खुला, ज्यांच्या जगण्यातून तो आला त्यांना नाही. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला, तेव्हा ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकत होते. सयाजीरावांनी असं कलम घातलेलं नव्हतं.

इथल्या वर्गांचीही अवस्था सांगायला हवी. दिल्ली विद्यापीठाने २०२१ साली इंग्रजीच्या अभ्यासक्रमातून महाश्वेता देवींची ‘द्रौपदी’ वगळली. बामा आणि सुकीर्तराणी या दलित लेखिकाही गेल्या. आणि पलीकडे शिकागो विद्यापीठाने २०२५ साली मानव्यविद्यांच्या अनेक विभागांतले पीएचडी प्रवेश घटवले किंवा थांबवले.

तरीही दिल्लीत मराठीच्या हाताशी काही आहे. जेएनयूत चिनी राजकारण शिकवणाऱ्या नाटककार गो. पु. देशपांडे यांनी २००२ साली फुल्यांचं निवडक लेखन इंग्रजीत संपादित केलं. ते ‘लेफ्टवर्ड’ने दिल्लीतूनच प्रकाशित केलं, आणि भारतीय समाजाची समग्र मांडणी करणारा विचारवंत म्हणून फुले त्यात उभे राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोऱ्यात तारा भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं आणि जुलैत जेएनयूत कुसुमाग्रजांच्या नावाचं मराठी अध्ययन केंद्र सुरू झालं. या केंद्राने भाषणं आणि जयंत्या यांत न अडकता एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ग्रंथांच्या सटीप इंग्रजी आवृत्त्या हाती घ्याव्यात. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (१८५७) सुरुवात करता येईल. सामाजिक न्याय मंत्रालयाने ते कलम रद्द करावं, आणि महाराष्ट्राच्या खासदारांनी संसदेत त्यासाठी आग्रह धरावा. आणि जे यंदा अर्ज भरत आहेत त्यांना एवढीच विनंती, की लंडनला जाण्याआधी ‘गुलामगिरी’ मराठीतून पूर्ण वाचा आणि तिच्यावर प्रबंध लिहायचा आहे असं अर्जात लिहा.