क्यूआर कोड तुमचा, पण पत्ता कोणाचा?

कॉलेजच्या नोटीस बोर्डावर, ग्रंथालयाच्या दारावर, परिषदेतल्या पोस्टरच्या कोपऱ्यात हल्ली एक काळा-पांढरा चौकोन हमखास दिसतो: 'स्कॅन करा आणि प्रश्नावली भरा.' तुम्हीही तुमच्या संशोधनासाठी असा कोड बनवणार असाल, तर आधी हे वाचा. 'फ्री क्यूआर कोड' असं शोधायचं, पहिली साइट उघडायची, लिंक टाकायची आणि चित्र डाउनलोड करायचं, ही जी सवय पडली आहे, ती संशोधनाला परवडणारी नाही. का, ते बघूया.

आधी क्यूआर कोड म्हणजे काय? १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि सहकाऱ्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार केला. पेटंट असूनही कंपनीने तो सर्वांना मोकळेपणाने वापरू दिला. सोप्या भाषेत, ही अक्षरं लिहायची एक लिपी आहे. जे लिहाल ते त्या चौकोनातच असतं. त्यात घड्याळ नाही, मुदत नाही. चहाच्या टपरीवरचा यूपीआयचा स्टिकर बघा. पैसे कोणाच्या खात्यात जायचे तो यूपीआय आयडी त्या चित्रातच लिहिलेला असतो, म्हणून तोच स्टिकर वर्षानुवर्षं चालतो.

मग 'तुमचा कोड एक्स्पायर झाला आहे' असा मेसेज येतो तो कसा? इथेच खरी गोम आहे. अनेक मोफत साइट तुमची लिंक कोडमध्ये लिहीतच नाहीत. त्या स्वतःची एक छोटी लिंक लिहितात आणि स्कॅन करणाऱ्याला तिथून तुमच्या पानाकडे पाठवतात. याला 'डायनॅमिक' कोड म्हणतात. त्याचे फायदे आहेत, ते नाकारायचं कारण नाही. छापल्यावरही पुढची लिंक बदलता येते, किती वेळा स्कॅन झाला ते कळतं. हॉटेलच्या मेन्यूला किंवा दुकानाच्या ऑफरला हे ठीकच आहे. पण संशोधनात तीन अडचणी येतात.

पहिली, टिकाऊपणाची. बांधून सादर केलेला प्रबंध दहा वर्षांनीही कोणीतरी उघडेल. तोवर मधली कंपनी चालू असेल? आणि असली, तरी तुमचं खातं चालू असेल? गूगलने स्वतःची goo.gl ही छोट्या लिंकची सेवा २०१९ मध्ये नव्या लिंकसाठी बंद केली आणि वापरात नसलेल्या जुन्या लिंक २०२५ मध्ये थांबवल्या. गूगलची ही गत, तर एखाद्या ट्रायल खात्याचा काय भरवसा?

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे, ती संमतीची. संमतिपत्रात तुम्ही लिहिता, 'तुमची ओळख गुप्त राहील.' पण संमतिपत्र उघडण्याआधीच स्कॅन करणाऱ्याचा आयपी पत्ता, फोनचा प्रकार आणि वेळ त्या मधल्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचलेली असते. प्रश्नावली गूगल फॉर्मवर असेल, तर तो एक मध्यस्थ तुम्ही जाहीर केलेला असतो. हा दुसरा मात्र सहभागी व्यक्तीलाही ठाऊक नसतो आणि तुमच्या एथिक्स कमिटीलाही. विषय आजारपणाचा, जातीचा किंवा छळाचा असेल तेव्हा ही गोष्ट 'तांत्रिक' म्हणून सोडून देता येत नाही.

तिसरी, आकड्याची. ४०० स्कॅन म्हणजे ४०० माणसं नव्हेत. एकच माणूस तीनदा स्कॅन करतो, दुसरा फॉर्म न भरता निघून जातो. तरी हा आकडा छेद म्हणून घेऊन 'प्रतिसादाचं प्रमाण' काढायचा मोह होतो. मुळात भिंतीवरचा कोड किती जणांनी पाहिला हेच आपल्याला माहीत नसतं. तेव्हा असलं प्रमाण लिहूच नका. नमुना स्वेच्छेने आलेल्यांचा आहे, एवढं स्पष्ट लिहा.

मग करायचं काय? साधा, म्हणजे स्टॅटिक कोड बनवा. लिबरऑफिसमध्ये ६.४ आवृत्तीपासून ही सोय आहे, पायथॉन येत असेल तर सेग्नो लायब्ररी आहे. दोन्ही तुमच्याच संगणकावर चालतात. 'लिंक लांब आहे, कोड किचकट होईल' ही तक्रार फारशी खरी नाही. १०० अक्षरांची लिंक मध्यम म्हणजे 'एम' पातळीच्या दुरुस्ती-क्षमतेसह ४१ × ४१ घरांच्या कोडमध्ये बसते. एक घर १ मिमीचं धरलं आणि चारही बाजूंना नियमाप्रमाणे चार-चार घरं पांढरी सोडली, तरी सगळं मिळून पाच सेंटिमीटरच्या आत. ए-फोर कागदावर एवढी जागा सहज असते.

प्रबंधात कोड द्यायचाच असेल तर तो डीओआयचा द्या. तिथेही मध्यस्थ आहे, पण लिंक टिकवणं हेच त्या व्यवस्थेचं काम आहे. कोडखाली लिंक अक्षरांतही छापा. कोडची झेरॉक्स काढून, साध्या फोनवर, ट्यूबलाइटच्या उजेडात एकदा स्कॅन करून बघा.

आणि छापायला देण्याआधी एक शेवटची तपासणी. स्कॅन केल्यावर लगेच उघडू नका, स्क्रीनवर दिसणारा पत्ता वाचा. तुम्ही टाकलेलाच पत्ता असेल तर कोड तुमचा. भलताच दिसला, तर ते पोस्टर अजून भिंतीवर लावायचं नाही.