कायद्याच्या यादीत नसलेले दोन गुन्हे

मराठीत भावाभावांच्या भांडणाला 'भाऊबंदकी' हा शब्द आहे आणि त्यामागे बहुधा बांध, वाडा किंवा गादी असते. 'बेटर कॉल सॉल' या अमेरिकी मालिकेतल्या मॅकगिल भावांकडे वाटून घ्यायला यातले काहीच नाही. वडिलांचे छोटे दुकानही केव्हाच गेलेले. तरी व्हिन्स गिलिगन आणि पीटर गुल्ड यांच्या या मालिकेच्या (२०१५ ते २०२२, एकूण ६३ भाग) मुळाशी या दोघांचे भांडण आहे. वाद आहे तो वकील म्हणवून घेण्याच्या अधिकाराचा.

थोरला चक (मायकेल मॅकीन) न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कीच्या एका बड्या वकिली फर्मचा भागीदार. धाकटा जिमी (बॉब ओडेनकर्क) लोकांना गंडवून जगणारा. चक त्याला अटकेतून सोडवतो, फर्मच्या टपालखोलीत चिकटवतो. तिथे राबताना जिमी पत्रद्वारा शिकून वकील होतो. पुढे चकला विजेचा त्रास होतो असे वाटू लागते, तेव्हा त्याच्या अंधाऱ्या घरी बर्फ, किराणा, वर्तमानपत्रे पोचवतो तो जिमीच. आणि फर्मचा दरवाजा आपल्याला बंद ठेवणारा हॉवर्ड हॅमलिन नसून सख्खा भाऊच आहे, हे पहिल्या पर्वाअखेर त्याला कळते.

'बरोबर कोण?' असा प्रश्न या मालिकेबद्दल नेहमी विचारला जातो. कायद्याचे शिक्षण मी घेतलेले नाही. मालिका दुसऱ्यांदा पाहताना मी फक्त वहीत दोन रकाने आखले. एकात कायद्याने गुन्हा ठरेल अशी कृत्ये, दुसऱ्यात भावाला खरी जखम करणारी. दोन्ही रकाने जुळेनात.

जिमी बँकेच्या कागदपत्रांत १२६१ चा १२१६ करतो. हा उघड गुन्हा. चक तो अचूक ओळखतो, पण पुरावा नाही. पुढे वकिलांच्या शिस्तपालन सुनावणीत जिमी त्याच्या खिशात गुपचूप बॅटरी ठेववतो. पावणेदोन तास जवळ असूनही चकला तिचा पत्ता लागत नाही. हे उघड होताच चकचा बांध फुटतो. तो बोलतो त्यातले बरेचसे खरे असते, पण ऐकणाऱ्यांना त्यात फक्त जुना द्वेष दिसतो. जिमीची सनद वाचते. वर्षभराच्या निलंबनावर निभावते.

आता दुसरा रकाना. आई मरणपंथाला असते. जिमी खायला आणायला बाहेर जातो, आणि नेमकी तेव्हाच ती शुद्धीवर येऊन जिमीला हाक मारते. उशाशी चक बसलेला. जिमी परतल्यावर विचारतो, ती काही म्हणाली का? चक 'नाही' म्हणतो. खोटेपणाचा तिटकारा असलेल्या माणसाचे हे खोटे कुठल्याच कलमात बसत नाही. जिमीचे कृत्यही तसेच. निलंबनाच्या काळात तो विमा कंपनीच्या कार्यालयात रडत रडत भावाच्या मानसिक अवस्थेची बातमी पोचवतो. फर्मचा हप्ता वाढतो, चकला फर्म सोडावी लागते, आणि शेवटी तो घरातल्या कंदिलाच्या आगीत मरतो.

जिमीच्या हाती कायदा घातक ठरेल, हे चकचे भाकीत खरे ठरले असे कुणी म्हणेल. ठरलेच, पुढे त्याच्या कारवायांपायी निरपराध हॉवर्डचा जीव जातो. जिमीला निर्दोष ठरवणे हा माझा हेतू नाही. पण चकचा विरोध केवळ कायद्यावरच्या निष्ठेतून होता, हे आईच्या अंथरुणाजवळचा प्रसंग पाहिल्यावर मानता येत नाही. ज्याला चांगले होण्याची वाट हवी होती, त्याची वाट त्याने अडवली आणि मग तो वाकडा गेला म्हणून बोट दाखवले.

खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'त रामशास्त्री घरच्या कलहाबाहेर उभे राहून निवाडा देतात. मॅकगिलांच्या घरात तसे बाहेर कुणी नाही. न्यायासनासमोरची भाषा हेच दोघांचे शस्त्र आहे. म्हणूनच शेवटचा भाग महत्त्वाचा. दहा वर्षांच्या आत आणलेली शिक्षा जिमी स्वतः मोडीत काढतो आणि ८६ वर्षे पत्करतो. कबुलीत तो विम्याची गोष्टही सांगतो. तो तर गुन्हाही नव्हता, असे त्याचा वकील म्हणतो. जिमीच्या लेखी तो गुन्हाच. कोर्टाने न विचारलेल्या या एकाच प्रश्नाचे उत्तर तो स्वतःहून देतो. आईच्या हाकेची कबुली द्यायला मात्र चक उरलेला नाही, आणि जिमीला ती हाक कधीच कळत नाही.